नाशिकच्या वाइनची चव कशी घडते?

द्राक्षाचा वाण तोच, तालुका तोच, हंगामही तोच. तरीही शेजारशेजारच्या दोन वाइनरींमधील वाइन चवीला अगदी वेगळी लागते. एक पहिल्याच घोटाला गोडसर वाटते, तर दुसरी जिभेवर आंबट-तुरट ठसा ठेवून जाते. यातील चांगली कोणती, हा वाद वाइन चाखणाऱ्यांमध्ये नेहमीच रंगतो. वस्तुतः ती कोणाच्या जिभेसाठी तयार केली, हा प्रश्न अधिक योग्य ठरावा. वाइन म्हणजे केवळ आंबवलेला द्राक्षरस नव्हे. द्राक्षतोडणीपासून बाटली बंद होईपर्यंत घेतलेल्या अनेक लहान-मोठ्या निर्णयांचे ते फलित असते आणि यातील प्रत्येक निर्णय चव बदलतो.

नाशिक जिल्ह्यासाठी हा विषय निव्वळ रसिकतेचा नाही. वाइनची द्राक्षे आकाराने लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. ती ना खाण्याच्या बाजारात चालतात, ना बेदाण्यासाठी. त्यामुळे निफाड, दिंडोरी किंवा इगतपुरी तालुक्यातील ज्या बागायतदाराने हे वाण लावले, त्याच्यासमोर दुसरी बाजारपेठ जवळपास नसतेच. ग्राहकाला वाइनची चव रुचली नाही, तर त्याचा फटका अखेर बांधावर बसतो.

फ्रान्सची कृती, नाशिकचे ऊन

महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाचा पाया ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने घातला. फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाइन तयार करून ती परदेशात पाठविण्यावर या कंपनीचा भर होता. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात सोविनॉन ब्लांक आणि चेनिन ब्लांक या वाणांची लागवड केली. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले आणि जिल्ह्यात वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली.

या सर्वांसमोर एक अडचण समान होती. वाइनची पाठ्यपुस्तके थंड युरोपासाठी लिहिलेली आहेत. तेथे ऊन कमी पडते, द्राक्षांत पुरेशी साखर भरत नाही, म्हणून काही भागांत रसात साखर मिसळण्याची मुभा दिली जाते. नाशिकमध्ये परिस्थिती नेमकी उलटी आहे. येथे साखर सहज भरते. टिकत नाही तो आंबटपणा. त्यामुळे युरोपातील कृती जशीच्या तशी उचलून येथे काम भागत नाही. तिच्यात फेरबदल अपरिहार्य ठरतात.

बियरला वर्षभर संधी, वाइनला एकदाच

चवीनुसार कृती बदलण्याची कला बियरमध्ये तुलनेने सोपी आहे. बियरचा कच्चा माल म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली अर्थात माल्ट, हॉप्सची फुले, यीस्ट आणि पाणी. माल्ट व हॉप्स साठवता येतात. माल्ट गरम पाण्यात भिजवताना तापमान ६३ ते ६५ अंश सेल्सिअस ठेवले, तर यीस्टला पचणारी साखर अधिक तयार होते आणि बियर हलकी व कोरडी होते. तेच ६८ ते ७० अंशांवर नेल्यास बियर भरीव आणि किंचित गोडसर होते. हॉप्स तासभर उकळल्यास कडवटपणा उतरतो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकल्यास कडवटपणा कमी आणि सुगंध अधिक मिळतो. साधी एल बियर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. चव पसंत पडली नाही, तर पुढच्याच महिन्यात सुधारित कृती करून पाहता येते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यानंतर राज्यातील ग्राहकांनाही अशा ताज्या आणि बदलत्या चवींची ओळख झाली.

वाइन करणाऱ्याला ही सवलत नाही. नाशिकमध्ये द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यातील खरड छाटणीने काडी तयार होते आणि पावसाळा सरताना केलेल्या गोडी छाटणीवर फळ येते. पीक मात्र एकदाच मिळते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात चालते. या हंगामात चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची संधी थेट पुढच्या वर्षी. तीस वर्षे वाइन करणाऱ्या तज्ज्ञालाही आपली कृती सुधारण्याच्या तीसच संधी मिळतात. म्हणूनच चवीचा कोणता धागा कोणत्या टप्प्यावर हाती असतो, हे जाणून घेणे वाइनमध्ये अधिक महत्त्वाचे ठरते.

पहिला निर्णय तोडणीचा

चवीवर सर्वाधिक परिणाम करणारा निर्णय वाइनरीत नव्हे, तर बागेत होतो. तो म्हणजे तोडणीचा दिवस. द्राक्ष पिकत जाते तशी त्यातील साखर वाढते आणि आम्ल घटते. ही साखर रिफ्रॅक्टोमीटर या लहानशा उपकरणाने ब्रिक्स या एककात मोजतात. पांढऱ्या वाइनसाठी साधारण २० ते २२, तर लाल वाइनसाठी २३ ते २५ ब्रिक्सला तोडणी केली जाते. दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसातील सगळी साखर आंबली, तर वाइनमध्ये साडेबारा ते तेरा टक्के मद्यार्क येतो.

लवकर तोडणी केल्यास वाइन हलकी, तरतरीत आणि लिंबासारख्या आंबटपणाची होते. फेसाळत्या वाइनसाठी तर द्राक्षे मुद्दाम लवकर काढतात. उशिरा तोडल्यास सुगंध पिकलेल्या फळाकडे झुकतो, वाइन जड होते आणि मद्यार्क वाढतो. मात्र, थांबण्याची किंमत बागायतदार मोजतो. वेलीवर राहिलेल्या द्राक्षातील पाणी कमी होऊन वजन घटते. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस आणि गारपिटीची टांगती तलवार असते ती वेगळीच. ज्याचा मोबदला वजनावर ठरतो, तो शेतकरी आणि ज्याचे लक्ष साखर व सुगंधावर आहे, तो वाइनतज्ज्ञ यांचे हितसंबंध या टप्प्यावर परस्परविरोधी होऊ शकतात. त्यामुळेच दरात वजनाबरोबर गुणवत्तेलाही स्थान देणारे करार वाइनच्या चवीसाठी आवश्यक ठरतात.

आंबटपणाचा तोल

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. टार्टारिक आम्ल उष्णतेत बऱ्यापैकी टिकून राहते. मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल, उष्णतेत वेल स्वतःच खर्च करून टाकते. हिवाळ्यात नाशिकच्या रात्री थंड असतात, ही मोठी जमेची बाजू. मात्र, फेब्रुवारी उलटल्यावर दिवसाचा पारा चढू लागतो आणि आम्लाची पातळी घसरते. अशा रसाचा सामू वाढलेला असतो. पांढऱ्या वाइनसाठी ३.१ ते ३.४ आणि लाल वाइनसाठी ३.४ ते ३.७ दरम्यानचा सामू सोयीचा मानतात. तो याहून वर गेला, की वाइन सपक लागते, रंग मावळतो आणि नको असलेल्या जिवाणूंना वाव मिळतो.

यावरचा उपाय म्हणजे रसात टार्टारिक आम्ल मिसळणे. दर लिटरला एक ग्रॅम आम्लाने सामू साधारण ०.१ ने खाली येतो. रसाच्या घडणीप्रमाणे हे प्रमाण बदलते. हे काम आंबवण्यापूर्वी केलेले चांगले, कारण आम्ल वाइनमध्ये एकजीव होते आणि आंबण्याची क्रियाही सुरक्षित राहते. शेवटी घातलेले आम्ल जिभेला वेगळे, टोचरे जाणवते. याउलट लाल वाइन फार आंबट असेल, तर विशिष्ट जिवाणूंच्या साह्याने मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर घडवून आणतात. त्यातून लोण्यासारखी मऊ छटा येते. पांढऱ्या तरतरीत वाइनमध्ये मात्र ही क्रिया मुद्दाम टाळली जाते.

गोडी किती ठेवायची?

भारतीय ग्राहकाला गोड वाइन आवडते, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य असले, तरी ते अर्धेच आहे. नव्याने वाइन घेणाऱ्याला आंबटपणा आणि तुरटपणा खटकतो आणि थोडीशी गोडी त्यांची धार कमी करते. चेनिन ब्लांकच्या वाइनमध्ये किंचित साखर राखण्याची जी पद्धत नाशिकमध्ये रुळली, तिच्यामागे हेच कारण आहे. मसालेदार जेवणाशीही अशी वाइन जुळते. तिखटाचा दाह मद्यार्काने आणि टॅनिनने वाढतो; गारवा आणि गोडी तो शमवतात. मिसळीसोबत कोरडी, तुरट लाल वाइन घेणाऱ्याला याचा अनुभव पहिल्याच घासाला येतो.

वाइनमध्ये शिल्लक राहिलेल्या साखरेवरून तिचे वर्गीकरण होते. युरोपीय मोजमापानुसार लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन कोरडी, १२ ग्रॅमपर्यंत मध्यम कोरडी, तर ४५ ग्रॅम किंवा अधिक साखरेची वाइन गोड मानतात. आंबटपणा अधिक असल्यास कोरड्या वाइनच्या मर्यादेत काहीशी सवलत मिळते, कारण जीभ साखर आणि आम्ल वेगवेगळे मोजत नाही. लिटरला १० ग्रॅम साखर असलेली आंबट वाइन संतुलित लागते. तितकीच साखर असलेली सपक वाइन सरबतासारखी वाटते.

ही गोडी राखायची, तर आंबण्याची क्रिया नेमक्या क्षणी थांबवावी लागते. टाकीतील वाइन शून्य अंशाजवळ थंड करतात, त्यामुळे यीस्ट निष्क्रिय होऊन तळाशी बसते. त्यानंतर सल्फर डायऑक्साइडची मात्रा देऊन अतिसूक्ष्म गाळणीतून वाइन गाळली जाते. या टप्प्यावर हयगय झाल्यास बाटलीत उरलेले यीस्ट पुन्हा जागे होते. साखर आंबू लागते, वायू तयार होतो आणि बूच उडण्याचा किंवा बाटली फुटण्याचा धोका निर्माण होतो. गोड वाइन करणे सोपे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

तुरटपणा, तापमान आणि लाकूड

लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा गरातून नव्हे, तर साल व बियांतून येतो. त्यामुळे रस सालीसोबत किती दिवस ठेवायचा, यावर वाइनचा पिंड ठरतो. चार-पाच दिवसांत साल वेगळी केली, तर फळाळ, मऊ वाइन मिळते. दोन-तीन आठवडे ठेवल्यास ती तुरट आणि दीर्घकाळ टिकणारी होते. लाल वाइन साधारण २४ ते २८ अंशांवर, तर पांढरी १२ ते १६ अंशांवर आंबवतात. पांढऱ्या वाइनमधील फुला-फळांचा नाजूक सुगंध उष्णतेत उडून जातो. म्हणून शीतकरणाची सोय असलेल्या स्टीलच्या टाक्या आणि पहाटेच्या गारव्यातील तोडणी या दोन गोष्टी नाशिकच्या वाइनसाठी चैन नसून गरज आहेत.

ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात मुरवलेल्या वाइनला व्हॅनिला, लवंग किंवा भाजल्यासारखा गंध येतो. नव्या पिंपाचा प्रभाव तीव्र असतो आणि दर वापरागणिक तो ओसरतो. मूळ वाइन हलकी असेल, तर लाकडाचा वास फळाच्या चवीवर मात करतो. त्यामुळे पिंप किती नवे घ्यावे आणि वाइन त्यात किती महिने ठेवावी, हाही चवीचाच निर्णय ठरतो.

एका वेळी एकच बदल

एवढे धागे हाती असताना कोणता, किती ओढायचा, हे ठरते चाचणीच्या टेबलावर. आंबटपणा वाढवायचा असल्यास संपूर्ण टाकीत आम्ल टाकण्यापूर्वी प्रत्येकी १०० मिलिलिटरचे चार नमुने घेतात. पहिला तसाच ठेवतात. उरलेल्या तिघांत लिटरला अर्धा, एक आणि दीड ग्रॅम या प्रमाणात आम्ल घालतात. इतकी अल्प मात्रा वजन करणे कठीण, म्हणून आम्लाचे दहा टक्क्यांचे द्रावण करून त्याचे अनुक्रमे अर्धा, एक आणि दीड मिलिलिटर मोजून घेतले जाते. पेल्यांवर केवळ सांकेतिक खुणा असतात. चाखणाऱ्याला कोणता नमुना कोणता, हे ठाऊक नसते. लिटरला एक ग्रॅमचा नमुना पसंत पडला, तर पाच हजार लिटरच्या टाकीसाठी पाच किलो आम्ल, असा सरळ हिशेब होतो.

यात पाळायचा नियम एकच. एका वेळी एकच घटक बदलायचा. आम्ल आणि साखर एकाच वेळी बदलली, तर फरक कशामुळे पडला, हे कळत नाही. दुसरी कसोटी तीन पेल्यांची. दोन पेल्यांत जुनी वाइन आणि एकात बदललेली देऊन वेगळा पेला ओळखण्यास सांगतात. निव्वळ अंदाजानेही तिघांतील एक जण बरोबर ठरू शकतो. त्याहून लक्षणीय अधिक लोकांना फरक कळला, तरच बदल सार्थ. शिराझ आणि कॅबरने सोविनॉन यांसारख्या वाणांचे मिश्रणही याच रीतीने, ८०:२०, ७०:३०, ६०:४० असे नमुने करून ठरवले जाते. तापमान, तारखा, मात्रा आणि चाखणाऱ्यांचे शेरे यांची नोंदवही हीच वाइनरीची खरी पुंजी असते. पुढच्या हंगामात तिच्याखेरीज दुसरा आधार नसतो.

मंदीने दिलेला धडा

चवीकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत जिल्ह्याने मोजली आहे. २००१ च्या धोरणानंतर अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. परंतु त्यातील कित्येकांकडे प्रशिक्षित वाइनतज्ज्ञ, शीतकरण किंवा विक्रीची व्यवस्था पुरेशी नव्हती. २००८ मधील जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय थंडावला, मागणी घटली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. वाइनरींनी द्राक्षांची उचल कमी केली. अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळावे लागले. मंदीचे कारण बाहेरचे होते, हे खरे. तरीही ज्या वाइनला ठराविक ग्राहक आणि ओळखीची चव होती, ती तगली. सरधोपट माल टाक्यांतच अडकला.

घरगुती हौसेला कायद्याची मर्यादा

चवीचे हे गणित वाचून घरीच प्रयोग करण्याचा मोह काहींना होऊ शकतो. महाराष्ट्रात मात्र तो गुन्हा ठरतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे आणि त्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणे हाही गुन्हा आहे. प्रमाण अल्प आहे किंवा विक्रीचा हेतू नाही, या सबबीवर सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये घरगुती बियरवरील परवान्याची अट रद्द झाली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बियर स्वतःच्या वापरासाठी करण्यास केंद्रीय करातून सूट दिली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही हौस आपल्या राज्याचे नियम पाहून भागवता येते; नाशिककरांना मात्र परवानाधारक वाइनरीची वाट धरावी लागते.

पेल्यातही चव बदलते

असे असले, तरी चव आपल्या आवडीनुसार जुळवण्याचा एक मार्ग ग्राहकाच्या हाती नक्कीच उरतो. तो म्हणजे तापमान. वाइन जितकी थंड, तितकी गोडी कमी जाणवते आणि आंबट-तुरटपणा उठून दिसतो. चेनिन ब्लांक फार गोड वाटत असेल, तर ती ८ अंशांपर्यंत गार करावी. लाल वाइन अति तुरट वाटत असेल, तर ती थेट फ्रिजमधून काढून घेऊ नये. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी’ हा सल्लाही नाशिकमध्ये तारतम्यानेच पाळायला हवा. ती खोली युरोपातील, १६ ते १८ अंशांची आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकत असताना त्याच सल्ल्याने वाइनचा मद्यार्क नाकात झोंबतो आणि बाकीची चव हरवते. अशा वेळी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

वाइनरीतील चाखणी कक्षात गेल्यावर ‘चांगली आहे’ किंवा ‘आवडली नाही’ एवढ्यावर न थांबता गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा यांतील नेमके काय कमी-जास्त वाटले, हे सांगितल्यास तो शेरा नोंदवहीत उतरू शकतो. पुढची छाटणी, पुढची तोडणी आणि पुढची टाकी यांच्यासाठी तो उपयोगी पडतो. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावामागची स्वतंत्र चव मात्र दर हंगामात थोडी थोडी घडत जाणार असून, तिच्यावर बागायतदाराइतकाच चाखणाऱ्याचाही हात फिरणार आहे.